विकतचे विमान, भाड्याचे आकाश

यंदाच्या दिवाळीत ज्या घरांतून मुलांच्या हट्टापायी संगणकावरचे विमान येऊ घातले आहे, त्या घरांतल्या कर्त्या माणसांशी मला थोडे भांडायचे आहे. मुलांशी माझे भांडण नाही. मुलांचा हट्ट रास्त आहे. दोन तासांत पैशांचा धूर करण्यापेक्षा त्याच पैशांत आपणच उडावे असे एखाद्या पोराला वाटले, तर त्याच्या बुद्धीचे कौतुकच केले पाहिजे. माझे भांडण आहे ते "हे विमान घ्यायचे कुठून?" या प्रश्नाला घरोघर जे एकच ठरीव उत्तर मिळते त्याच्याशी. "जिथे स्वस्त मिळेल तिथून घे आणि टाक संगणकावर!" असे म्हणून वडील वर्तमानपत्रात डोके घालतात आणि आई चकलीच्या घाण्याकडे वळते. कोथिंबिरीच्या जुडीला हे उत्तर शोभते. फ्लाइट सिम्युलेटरला ते लागू करणे म्हणजे जमीन घेताना सातबारा न पाहता नुसता आंब्याचा मोहोर पाहून इसार देण्यासारखे आहे.

"पण तो खेळच ना?" असे कुणी म्हणेल. याला नुसता खेळ म्हणून हिणवण्याची सवय आधी सोडा. १९२९ साली अमेरिकेतल्या एडविन लिंक नावाच्या तरुणाने आपल्या वडिलांच्या ऑर्गन बनवण्याच्या कारखान्यातले भाते आणि हवेचे पंप जुळवून जमिनीवरच कलणारे, डोलणारे, नाक वरखाली करणारे एक बुटके विमान तयार केले. शहाण्या लोकांनी त्याची जत्रेतला पाळणा म्हणून संभावना केली, आणि काही काळ ते खरोखरच करमणुकीच्या बागांतून फिरले. १९३४ साली अमेरिकेत टपाल वाहण्याचे काम लष्कराच्या वैमानिकांकडे आले. धुक्यात आणि वादळात बाहेरचे काहीच दिसत नसताना केवळ समोरच्या तबकड्या वाचून विमान हाकण्याचा पुरेसा सराव त्यांना नव्हता. थोड्याच आठवड्यांत कितीतरी वैमानिक प्राणांस मुकले. मग लष्कराने त्याच पाळण्याची सहा यंत्रे विकत घेतली, आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिकांनी आंधळ्या उड्डाणाचे धडे त्यांवर गिरवले.

आज घरच्या संगणकावर चालणारा सिम्युलेटर हा त्या लाकडी विमानाचा पणतू आहे. उतरताना वारा तोंडावर का घ्यायचा, वेग सरला असता नाक वर ओढले तर विमान चढण्याऐवजी का कोसळते, उंची मोजणाऱ्या काट्याला हवेचा दाब का सांगावा लागतो, हे त्याच्यापुढे बसणाऱ्या मुलाला कुणी न शिकवता कळू लागते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले. तोच मार्ग आज आठवीतली मुलगी एखाद्या शनिवारी दुपारी घरबसल्या उडून पाहू शकते, आणि नकाशात न समजलेला खंबायतच्या आखाताचा आकार तिला खिडकीतून समजतो. अशी वस्तू घरात आणताना चार प्रश्न जास्त विचारले तर काय बिघडले?

त्यातला पहिला प्रश्न किमतीचा नाही. पहिला प्रश्न असा, की ही वस्तू घेतल्यावर ती कुणाची?

लष्कराने लिंकची यंत्रे घेतली तेव्हा ती लष्कराची झाली. १९८२ साली मायक्रोसॉफ्टने आयबीएमच्या संगणकासाठी आपला पहिला फ्लाइट सिम्युलेटर काढला. तो एका तबकडीवर मावत होता. तबकडी घरात आली की विमान घरात आले. शिकागोच्या सरोवरकाठच्या मेग्ज फील्ड नावाच्या चिमुकल्या विमानतळावरून त्यात उड्डाण सुरू होई, आणि पुढे कित्येक वर्षे नव्या आवृत्त्यांतही तो मान मेग्जकडेच राहिला. २००३ सालच्या मार्चअखेरीस एका रात्री शिकागोच्या महापौरांनी बुलडोझर पाठवून खऱ्या मेग्ज फील्डची धावपट्टी उखडून टाकली. जगातले विमानप्रेमी हळहळले. पण ज्यांच्या घरी जुनी तबकडी होती, त्यांची मेग्जवरची उड्डाणे दुसऱ्या दिवशीही चालू राहिली. महापौरांचा बुलडोझर कुणाच्या कपाटापर्यंत पोहोचू शकला नाही.

हाच अनुभव पुन्हा आला. २००६ साली याच मालिकेतला 'एक्स' नावाचा भाग निघाला. जानेवारी २००९ मध्ये तो बनवणारे खाते कंपनीने बंद केले, माणसे घरी गेली. तरीही ज्यांनी डबा विकत घेतला होता त्यांचे काही अडले नाही. बाहेरचे कारागीर त्यासाठी नवी विमाने, नवे विमानतळ बनवत राहिले, आणि डिसेंबर २०१४ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने परवाना घेऊन तोच सिम्युलेटर स्टीम या दुकानात पुन्हा मांडला. धनी गेला तरी गाय दूध देत होती, कारण गाय लोकांच्या गोठ्यात होती.

उलट उदाहरणही याच घराण्यातले आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'फ्लाइट' नावाचा नवा प्रकार आणला. तो फुकट होता. मात्र त्यात जे काही वाढवायचे ते कंपनीच्याच दुकानातून घ्यायचे, बाहेरच्या कारागिराला मज्जाव. त्याच वर्षी जुलैत कंपनीने त्यावरचे काम थांबवले. पाच महिन्यांत खेळ खलास! बाहेरचा कारागीर आत येऊच शकत नव्हता, तेव्हा त्या रोपट्याला पाणी घालायला मागे कुणी राहिले नाही. २००६ चा डबा आणि २०१२ चा फुकटचा प्रसाद यांतला फरक ज्याला कळला, त्याला या लेखातले निम्मे कळले.

आता आजच्या दुकानांकडे वळू. १८ ऑगस्ट २०२० रोजी मायक्रोसॉफ्टचा नवा फ्लाइट सिम्युलेटर आला आणि १९ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याच्यापुढचा. हे दोन्ही घेण्यास मुख्य वाटा तीन. एक, मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे दुकान, दुसरी, स्टीम, तिसरी, गेम पास नावाची महिनेवारी वर्गणी. या तिन्ही वाटांनी पडद्यावर विमान तेच दिसते. म्हणूनच लोक फसतात. दृश्य एक असले तरी तिन्ही करार वेगळे आहेत.

वर्गणीच्या वाटेने गेलात तर वर्गणी थांबली की विमान थांबले. हे निदान सरळ आहे, त्यात फसवणूक नाही. पण "विकत घ्या" असे ठळक अक्षरांत लिहिलेल्या बाकीच्या दोन दुकानांत तरी आपण काय घेतो? वापरण्याचा परवाना. स्टीमच्या करारातच म्हटले आहे, की माल विकला जात नाही, त्याचा परवाना दिला जातो. हा करार आपण न वाचता 'मान्य'वर बोट ठेवतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली कायदा केला, की असा परवाना देणाऱ्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' हा शब्द वापरू नये. १ जानेवारी २०२५ पासून तो अमलात आला. ज्या धंद्याला 'विकत' या साध्या शब्दाचा अर्थ कायद्याने शिकवावा लागतो, त्या धंद्यात डोळे मिटून शिरणाऱ्या गिऱ्हाइकाला काय म्हणावे?

आणि हा केवळ शब्दच्छल नाही. २०१४ साली निघालेला 'द क्रू' नावाचा मोटारींचा खेळ लोकांनी रोख पैसे मोजून घेतला होता. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने आपले सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळणाऱ्यालाही तो खेळता येईना. आजोबांची पेटी नातवाला मिळते, आजीची पुस्तके नातीला मिळतात. पण स्टीमचे खाते दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, मृत्युपत्राने देखील नाही. आयुष्यभर जमवलेली विमाने धन्याबरोबरच अंतर्धान पावायची, असा हा परवाना आहे. आपल्याकडे कूळकायदा होऊन कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळाला, त्याला कित्येक दशके लोटली. या नव्या आकाशात मात्र आपण सारेच कुळे आहोत, तीही कायद्याचे पाठबळ नसलेली!

येथे माझ्या विरोधकांचा एक आक्षेप मी मोकळ्या मनाने पुढे घेतो, कारण तो वजनदार आहे. ते म्हणतील, "अहो, नव्या सिम्युलेटरमध्ये सगळी पृथ्वी आहे, तुमच्या वाड्याचे छप्परसुद्धा आहे. ती काय तबकडीवर मावणार?" खरे आहे. उपग्रहांच्या आणि विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून रचलेली ती पृथ्वी २ पेटाबाइटच्या वर आहे. साध्या भाषेत हे २० लाख जीबी झाले. हजार जीबीच्या २,००० डिस्का घरात रचाव्या लागतील. तेव्हा कंपनीच्या कोठारातून लागेल तेवढी पृथ्वी इंटरनेटवरून ओढून घेणे यात गैर काही नाही, आणि त्यात जे दृश्य दिसते ते अपूर्व आहे हेही मी नाकारत नाही.

दुसरा आक्षेप असा, की तबकडी तरी कुठे अमर होती? हाही खरा. २००३ साली चार सीडींवर निघालेल्या आवृत्तीला चोरीविरोधी कुलूप होते, आणि २०१५ साली विंडोज १० आले तेव्हा मायक्रोसॉफ्टने त्या जातीच्या कुलपांना दारातच अडवले. कुलूप बंद, किल्ली हातात, आणि घर उघडेना! म्हणजे वस्तू कपाटात असणे पुरेसे नाही. ती उघडायला दुसऱ्याची परवानगी लागू नये, हेही पाहिले पाहिजे.

पण या दोन्ही आक्षेपांनी माझा मुद्दा खोडला जात नाही, उलट नेमका होतो. भाड्याच्या घरात राहण्यात कमीपणा नाही. भाड्याचे घर स्वतःचे समजून त्यात स्वतःच्या पैशांनी संगमरवरी फरशी घालणे हा मात्र मूर्खपणा आहे, आणि तोच आज चालला आहे. २०२० च्या आवृत्तीचे तीन दर्जे होते. अमेरिकेत त्यांच्या किमती अनुक्रमे सुमारे ६०, ९० आणि १२० डॉलर होत्या. दुप्पट पैसे देऊन मिळत काय होते? २० ऐवजी ३० विमाने आणि ३० ऐवजी ४० बारकाईने घडवलेले विमानतळ. त्यातला एकही विमानतळ न पाहिलेल्या मुलासाठी वडील सर्वांत महाग दर्जा घेतात, कारण पाहुण्यांना सांगायला बरे वाटते! मग सिम्युलेटरच्या आतच एक बाजार असतो. त्यात आणखी विमाने, आणखी गावे. ती त्या खात्याला जखडलेली असतात. तीच विमाने अनेकदा बनवणाऱ्याच्या स्वतःच्या दुकानात मिळतात, आणि तिथे मिळणारी फाइल आपल्या डिस्कवर जपून ठेवता येते. पैसे द्यायचेच असतील तर ते कारागिराच्या ओट्यावर जाऊन द्या.

१९ नोव्हेंबर २०२४ चा दिवस तर प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवावा. त्या दिवशी नवी आवृत्ती जगभर खुली झाली. या आवृत्तीने विमानेसुद्धा बरीचशी कंपनीच्या कोठारात ठेवली आहेत. इंटरनेट नसेल तर ती चालतच नाही. पैसे भरलेली हजारो माणसे पडद्यावरची टक्केवारी पाहत तासन्‌तास बसली, कित्येकांचे गाडे ९७ टक्क्यांवर अडले, आत शिरलेल्यांना काही विमाने सापडेनात. २ लाख कृत्रिम गिऱ्हाइके सोडून आम्ही चाचणी घेतली होती, असे निर्मात्यांनी नंतर चित्रफीत काढून सांगितले आणि दिलगिरी व्यक्त केली. दिलगिरी सभ्यपणाची होती, अडचणही पुढे दूर झाली. पण ज्याच्या घरात २००६ चा डबा होता, त्याला असल्या दिलगिरीची कधी गरज पडली नव्हती. आता बुलडोझर कपाटापर्यंत पोहोचतो, एवढाच याचा अर्थ.

मग करावे काय? विमान घेऊच नये? छे! घ्यावे, पण ओळीने घ्यावे. माझा आग्रह असा, की दिवाळीला फुकटचे आणावे आणि तुळशीच्या लग्नापर्यंत थांबावे.

फ्लाइटगिअर नावाचा सिम्युलेटर जगभरच्या हौशी लोकांनी गेली पंचवीसहून अधिक वर्षे मिळून घडवला आहे. तो फुकट आहे आणि त्याची मूळ संहिताही खुली आहे. एकदा उतरवून घेतला की तो तुमचा; त्याची प्रत शेजाऱ्याला दिलीत तर पुण्यच लागेल, गुन्हा नाही. त्याचे रूप नव्या सिम्युलेटरइतके देखणे नाही, मांडणीही थोडी रांगडी आहे. पण वारा, वेग आणि उंची यांचे गणित तो मन लावून शिकवतो. तो त्याच्या मूळ ठिकाणावरूनच घ्या. हा बजाव अशासाठी, की हाच फुकटचा सिम्युलेटर वेगळ्या भपकेबाज नावांनी पैसे घेऊन विकणारे महाभाग निघाले, आणि फ्लाइटगिअरच्या मंडळींना त्याबाबत जाहीर सावधानतेची सूचना काढावी लागली. विहिरीचे पाणी बाटलीत भरून विकणाऱ्याला व्यापारी म्हणता येईल. गावच्या विहिरीवर फुकट मिळते हे लपवून विकणाऱ्याला काय म्हणायचे ते वाचकांनी ठरवावे.

त्याच्या जोडीला एक्स-प्लेनचा फुकट नमुना आणावा. हा सिम्युलेटर ऑस्टिन मेयर या अभियंत्याच्या लॅमिनार रिसर्च या संस्थेचा. त्याची १२ वी आवृत्ती २०२२ साली आली. नमुन्यात मुलूख आणि वेळ मर्यादित असतात, पण आपल्या संगणकाला तो झेपतो की नाही हे एका संध्याकाळी कळते. वरकड पैसे खर्चायचेच असतील तर दिवाळीत एक बऱ्यापैकी जॉयस्टिक घ्या. या सगळ्या व्यवहारात ती एकच वस्तू अशी आहे, जी पूर्णपणे तुमची होते, जी कुठल्याही कंपनीच्या सिम्युलेटरला चालते आणि जी उद्या भाचीला देता येते.

दोन-तीन आठवड्यांत मुलाचा नाद ओसरला, तर पैसे वाचले आणि जॉयस्टिक उरली. तुळशीचे लग्न लागेपर्यंत मूल रोज तासभर उडतच असेल, तर मग खुशाल विकत घ्या. आणि घेताना माझा क्रम असा. ज्याच्या घरी इंटरनेट बेताचे आहे, ज्याला वस्तू आपल्याजवळ हवी आहे, त्याने एक्स-प्लेन घ्यावा, तोही निर्मात्याच्या स्वतःच्या दुकानातून. तो स्टीमवरही मिळतो. पण तिथे घेतलेल्या प्रतीला स्टीमचे दार कायमचे लागते. त्याचा मुलूख तुकड्यातुकड्यांनी निवडून डिस्कवर उतरवता येतो. पश्चिम भारताचे तुकडे उतरवले, की सह्याद्रीवरून उडायला इंटरनेटची वाट पाहावी लागत नाही.

ज्याला छायाचित्रांतली पृथ्वीच हवी आहे, त्याने मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर घ्यावा, पण भाडेकरूच्या शहाणपणाने. आधी एक महिना गेम पासची वर्गणी भरून तो चालतो का पाहावा. नव्या आवृत्तीला निर्माते किमान १० आणि खरे तर ५० एमबीपीएस वेगाचे इंटरनेट मागतात. आपले बिल काढून वेग वाचावा. घरी एक्सबॉक्स असेल तर मायक्रोसॉफ्टच्या दुकानातून घ्यावा, कारण एकाच पैशात दोन्हीकडे चालतो. नसेल तर स्टीम बरे. माल पसंत न पडल्यास १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी वापर झाला असल्यास तिथे पैसे परत मिळतात. मात्र त्यातली मेख ऐका. २०२० च्या आवृत्तीचा मोठा भाग सिम्युलेटर सुरू केल्यानंतर आतूनच उतरत असे, आणि उतरण्याचा तो वेळही वापरात धरला जाई. १०० जीबी माल ३० एमबीपीएसच्या वेगाने उतरायला सात तासांहून जास्त लागतात. म्हणजे विमान जागचे हलण्यापूर्वीच परतीची मुदत संपली! मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीवर हा उद्योग करू पाहणाऱ्याला तर सदुसष्ट दिवस लागतील; दिवाळीत आरंभ केला तर संक्रांतीपर्यंत धावपट्टी दिसेल की नाही याचीही शंकाच.

आणि कृपा करून कुणा 'ओळखीच्या'कडून पेनड्राइव्हवर चोरीची प्रत आणू नका. "इतक्या मोठ्या कंपनीचे काय जाते?" हा युक्तिवाद शहाजोगपणाचा आहे. ज्या घरात मुलाला प्रामाणिकपणावर निबंध लिहायला लावतात, त्या घरातले विमान तरी चोरीचे नसावे. शिवाय धोका तुमचाच आहे. परक्याने दिलेली बसवणीची फाइल चालवणे म्हणजे अनोळखी माणसाला तिजोरीच्या खोलीत एकटे सोडणे. आणि इथे चोरांचीच भीती आहे असेही नाही. २०१८ साली फ्लाइट सिम लॅब्ज या नावाजलेल्या कंपनीच्या एअरबस विमानाच्या बसवणी-फाइलमध्ये ब्राउझरमधले पासवर्ड काढून घेणारा एक तुकडा सापडला. तो केवळ चोरीचा क्रमांक वापरणाऱ्यांसाठी होता, असे कंपनीने सांगितले. पण फाइल प्रामाणिक गिऱ्हाइकांच्या घरीही गेली होती. बोभाटा झाल्यावर कंपनीला तो काढावा लागला. तेव्हा बँकेचे व्यवहार ज्या संगणकावर होतात त्यावर सिम्युलेटर आणि त्याची सटरफटर भर घालू नये. नाइलाजच असेल तर मुलासाठी निदान वेगळे खाते उघडावे.

राहिला बसवण्याचा प्रश्न. दुकान निवडण्याइतकाच तो महत्त्वाचा आहे, आणि तिथेही "पुढे, पुढे, पुढे" असे दाबत जाण्याची आपली रीत आहे. बसवणारा कार्यक्रम जागा विचारतो, तेव्हा तो आपला हक्क विचारत असतो. तो हक्क बजावा. विंडोज ज्या डिस्कवर नांदते तिथे १५० जीबीचे बिऱ्हाड कोंबू नका. वेगळी एसएसडी घ्या आणि तिच्यावर आपल्या हाताने, आपल्याला आठवेल अशा नावाचे फोल्डर करा. एक्स-प्लेनसारखा सिम्युलेटर 'प्रोग्राम फाइल्स'च्या आत बसवू नये; तिथे विंडोजचा पहारेकरी दर बदलाला हटकतो. मायक्रोसॉफ्टचा २०२० चा सिम्युलेटर, तुम्ही वेगळे सांगितले नाही तर, आपला माल लपवलेल्या फोल्डरांच्या पोटात नेऊन ठेवतो. स्टीमच्या प्रतीचा पत्ता वेगळा आणि मायक्रोसॉफ्टच्या दुकानातल्या प्रतीचा वेगळा. बाहेरून आणलेली विमाने ज्या 'कम्युनिटी' फोल्डरात ठेवायची, तोच मग सापडत नाही, आणि घरात रविवारभर शोधाशोध चालते. आपल्या घरातली वस्तू कुठे ठेवली आहे हे आपल्यालाच माहीत नसेल, तर मालकीच्या गप्पा कशाला?

संगणकाची जागाही शक्यतो बैठकीच्या खोलीतच असावी. मुलांवर पाळत ठेवण्यासाठी हे मी सांगत नाही. रत्नागिरीचा किनारा वरून कसा दिसतो, हे पाहायला आजीलाही खुर्ची ओढून बसता यावे म्हणून सांगतो.

मी जुन्या तबकड्यांचा भक्त नाही. नव्या सिम्युलेटरातली पृथ्वी पाहून माझेही डोळे दिपले आहेत. पण डोळे दिपले म्हणून सही करताना ते मिटावेत असे थोडेच आहे? दुकानदार आपल्याला आकाश दाखवतात आणि करार खाली बारीक अक्षरांत ठेवतात. ती बारीक अक्षरे वाचणे हे मुलाचे काम नाही. ते घरातल्या कर्त्या माणसाचे काम आहे, आणि ते टाळणारा बाप कितीही महाग दर्जा विकत घेवो, त्याने कर्तव्य केले असे मी म्हणणार नाही.

पाडव्याला नवी वही उघडण्याची आपली चाल आहे. यंदा त्या वहीत जमाखर्चाच्या आधी एक पान या विमानासाठी राखा. कोणत्या दुकानातून घेतले, कोणत्या तारखेला, कुणाच्या नावे, खाते कोणत्या ईमेलचे, कोणत्या डिस्कवरच्या कोणत्या फोल्डरात बसवले, आणि इंटरनेट तुटले तर ते उडते की नाही, एवढे त्यावर लिहा. शेवटच्या रकान्यात 'उडत नाही' असे लिहावे लागले, तर किमतीच्या पुढे 'खरेदी' न लिहिता 'भाडे' असे लिहा. मुलालाच लिहायला सांगा. विमान हाकायला शिकण्याआधी तो तेवढा व्यवहार शिकेल.